काचेवर उतरलेला अजिंठा

जुन्या औरंगाबादचे एखादे छायाचित्र अधूनमधून मोबाइलवर फिरत येते. कधी बीबी का मकबरा, कधी दौलताबादचा किल्ला, कधी शहराचा एखादा दरवाजा. खाली कुणीतरी साल टाकलेले असते, बहुधा आधाराशिवाय. मग चर्चा सुरू होते: तेव्हा शहर किती स्वच्छ होते, किती निवांत होते, रस्त्यावर माणूस म्हणून नव्हता! मी गारखेड्यात राहतो आणि निवृत्तीनंतर जुन्या छायाचित्रांच्या नादी लागलो आहे, हे ओळखीच्यांना ठाऊक असल्यामुळे ते चित्र माझ्याकडे हमखास येते आणि सोबत प्रश्न येतो, "हे खरं आहे का?"

छायाचित्र बहुतेक वेळा खरेच असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र क्वचित खरा असतो. रस्त्यावर माणूस नव्हता असे ते चित्र सांगतच नाही. चालत्या माणसाची खूण काचेवर उमटेपर्यंत तो पुढे निघून जायचा, एवढाच त्या रिकाम्या रस्त्याचा अर्थ असू शकतो. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्र आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी सांगते. आणि गंमत अशी की, ते काढणाऱ्याच्या आणि काढवून घेणाऱ्याच्या मनात होते त्यापेक्षा कधीकधी जास्तही सांगून जाते. आपल्या जिल्ह्याच्या छायाचित्रांपुरते हे दोन्ही कसे घडते, ते या लेखात पाहू.

समुद्रकाठच्या गावापासून

अजिंठ्याच्या छायाचित्रांची गोष्ट स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सुरू करावी लागते. कागदावर उलटे चित्र घेऊन त्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढण्याची पद्धत इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटने शोधली आणि १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. ते पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते. टॅल्बटचा मित्र डेव्हिड ब्रूस्टर हा शास्त्रज्ञ तेव्हा सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावात विद्यापीठाचे काम पाहत होता. त्याच्यामुळे ही विद्या त्या छोट्या गावात पोहोचली, आणि तिथल्या रॉबर्ट अ‍ॅडम्सन या तरुणाने ती आत्मसात केली. पुढे डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराबरोबर त्याने एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्याची छायाचित्रे घेतली. १८४३ नंतरच्या चार-पाच वर्षांतले हे काम आहे. टोपल्या घेतलेल्या कोळिणी, होडीला टेकून उभे असलेले कोळी, पायऱ्यांवर बसलेली मुले असे सगळे त्यात आहे.

ही चित्रे नीट पाहिली तर एक गोष्ट खटकते. गाव समुद्रकाठचे, माणसे समुद्रावर जगणारी, पण चित्रांत समुद्र जवळजवळ नाहीच. कारण सोपे आहे. त्या कागदाला उजेड लागायला वेळ लागे. तेवढ्या वेळात लाट शंभर वेळा हलते आणि चित्रात तिचा पांढुरका पट्टा होतो. होडी किनाऱ्यावर ओढलेली असेल तर ती येते, पाण्यावर डुलणारी असेल तर येत नाही. माणसांना भिंतीला टेकून, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभे करावे लागे. ती आपुलकीची ठेवण दिसते, आणि ती असेलही, पण हलू नये म्हणून दिलेला आधार हेही तिचे एक कारण आहे. लाट आणि ढग एकाच चित्रात आणायला फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र एका काचेवर आणि आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही जोडण्याची युक्ती काढली. ज्या चित्रांची सगळ्यांनी वाहवा केली, त्यातली काही अशी जोडलेली होती.

याच ब्रूस्टरने १८४९ मध्ये भिंगांचा स्टिरिओस्कोप तयार केला. दोन डोळ्यांमध्ये असते तेवढ्या अंतरावरून एकाच दृश्याची दोन छायाचित्रे घ्यायची, ती शेजारी शेजारी चिकटवायची आणि दोन भिंगांच्या पेटीतून पाहायची, की सपाट चित्राला खोली येते. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीने ही पेटी पाहिली आणि घरोघरी ती घेण्याची लाट आली. लोकांना पाहायला दृश्ये हवी होती, जितकी दूरची तितकी बरी. त्या मागणीत आपला अजिंठाही पोहोचला.

गिलच्या हातात कॅमेरा

रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्याची १८४४ मध्ये नेमणूक केली. ही चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला तरी करून ठेवा, असा आग्रह धरणाऱ्यांत जेम्स फर्ग्युसन होता. नीळ व्यापारातून भारतीय स्थापत्याच्या अभ्यासाकडे वळलेला हा माणूस जन्माने एअर या स्कॉटलंडच्याच किनाऱ्यावरच्या गावचा. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला आणि वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत प्रतिकृती करत राहिला. त्याची आणि पारोची गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. पारो १८५६ मध्ये गेली. तिचे नाव आपल्याला कळते ते अजिंठा गावातल्या तिच्या कबरीच्या दगडावरून.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गिल छायाचित्रेही घेऊ लागला. १८६४ मध्ये लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली, दोन्हींना मजकूर फर्ग्युसनचा. एकात अजिंठा-वेरूळ या लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे, दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्गाची शंभर स्टिरिओ दृश्ये. गिल पट्टीचा शिकारी होता, म्हणून मारलेल्या जनावरांनाही त्या 'निसर्गा'त जागा मिळाली. पुढे लोणारची देवळेही त्याने कॅमेऱ्यात घेतली.

हे काम सोपे नव्हते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये आणलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सर्वत्र चालत होती. काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव समान पसरायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत, सुकण्याआधी, धुऊन पक्की करायची. म्हणजे काचा, रसायने, पाणी आणि अंधार करण्यासाठी तंबू हे सगळे बरोबर हवे. अजिंठ्यात लेणी कड्यात वर आणि वाघूर नदी खाली. वैशाखात तिथे उभे राहिलेल्या कुणालाही कळेल की, त्या उन्हात काच सुकायला किती वेळ लागत असेल. छपाईचा कागद तर अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागाने माखलेला असे. त्याला तजेला येई आणि काळाबरोबर पिवळी झाकही येई. जुन्या छायाचित्रांचा तो तपकिरी-पिवळा रंग जुन्या काळाचा नाही, अंड्याचा, चांदीचा आणि वयाचा आहे.

आता मूळ प्रश्न. गिलकडे १८६० च्या आसपास कॅमेरा आहे. मग त्याने चित्रे रंगवण्याचा उद्योग सोडून भिंतींची सरळ छायाचित्रे का घेतली नाहीत? त्याच्या पुस्तकांतली बहुतेक छायाचित्रे लेण्यांचे दर्शनी भाग, खांब, चैत्य, शिल्पे यांची आहेत. ज्या रंगचित्रांसाठी त्याला तिथे नेमले होते, त्यांच्यापुढे कॅमेरा हतबल होता.

निळे दिसणारी, तांबडे न दिसणारी काच

पहिले कारण अंधार. बाहेर उन्हात जे काम काही सेकंदांत व्हायचे, त्याला लेण्याच्या आत कित्येक मिनिटे लागत.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि जुन्या छायाचित्रांबद्दल बोलताना ते सहसा कुणी लक्षात घेत नाही. त्या काळची काच रंगांच्या बाबतीत अर्धी आंधळी होती. निळा आणि जांभळा उजेड तिला चटकन कळे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नसे. परिणामी चित्रात निळी वस्तू पांढरी आणि तांबडी-पिवळी वस्तू काळी येई. जुन्या छायाचित्रांत आकाश कोरे असते ते याच कारणाने. निळे आकाश इतके पांढरे येई की, ढगांना वेगळे दिसायला जागाच राहत नसे. न्यूहेवनच्या कोळ्यांचे उन्हाने रापलेले चेहरे प्रत्यक्षाहून काळे दिसतात तेही याचमुळे.

आता अजिंठ्याचे रंग आठवा. तांबडी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, आणि काही लेण्यांत लाजवर्दाचा निळा. यातला लाजवर्द दूरदेशीचा, बाकी रंग बव्हंशी माती-दगडांचे. म्हणजे अजिंठ्याचा सगळा जीव तांबड्या-पिवळ्या छटांत आहे, आणि नेमक्या त्याच छटा काचेला दिसत नाहीत. उजळ गव्हाळ चेहरा सावळा व्हावा, तांबडी पार्श्वभूमी काळ्या केसांत मिसळून जावी आणि मौल्यवान निळा पांढऱ्यात विरून जावा, असे त्या काचेचे काम. चित्रकाराने ज्या फरकाने आकृती उठावाला आणली, तो फरकच नाहीसा होणार. यंत्राने घेतलेली प्रत हातापेक्षा प्रामाणिक असते अशी आपली समजूत आहे. इथे यंत्र जन्मानेच एका बाजूला झुकलेले होते.

म्हणून ब्रश चालू राहिला. आणि या नकलांचे नशीब किती खडतर होते तेही पाहा. गिलच्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्या जळाल्या, मोजक्या वाचल्या. गिल पुन्हा कामाला लागला आणि १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याआधीच, १८७२ पासून, मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यात बसू लागले होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्यांच्या कितीतरी प्रतिकृतीही लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. पहिल्या छायाचित्रांनंतर पन्नास वर्षे उलटून गेली, तरी माणसे हातानेच नकला करत होती.

भिंतीचे रंग पुरेसे पकडणारे छायाचित्रण हाती आले ते विसाव्या शतकात. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या, विजेचा प्रकाश लेण्यांत नेता आला, आणि निझाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेला अजिंठ्याचा मोठा ग्रंथ १९३० पासून प्रसिद्ध केला. तोवर भिंती आणखी बदलल्या होत्या. नकला करणाऱ्यांनी रंग उजळावेत म्हणून फासलेले व्हार्निश पिवळे पडून चित्रांवर पडदा धरून बसले होते, आणि ते काढायला १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलवावे लागले होते. चित्र जपण्याच्या धडपडीतच चित्राला इजा झाली.

मग गिलची छायाचित्रे निरुपयोगी का? मुळीच नाही. आकार, कोरीवकाम, खांबांची मोडतोड, लेण्यांसमोर साचलेला राडारोडा यांच्याबाबत ती पक्की साक्षीदार आहेत. दुरुस्तीआधी एखादा खांब कुठे तुटला होता, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही. फक्त साक्षीदाराला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे माहीत असायला हवे.

मागवणाऱ्याची नजर

काचेचे दोष झाले. दुसरा झुकाव माणसांचा. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. स्वतः भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचण्यात कष्ट घेतले. म्हणजे अगदी सुरुवातीपासून कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात नव्हता. पण त्याच मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात इथल्या जातीजमातींचा जो सचित्र ग्रंथ काढला, त्यात वेगळ्या जागी घेतलेल्या माणसांची चित्रे कापून भलत्याच दृश्यांसमोर चिकटवलेली आहेत. पाहणाऱ्याला वाटते, ही मंडळी या देवळापुढे, या बाजारात उभी होती. ती तिथे नव्हती.

आपल्या शहराच्या बाबतीत महत्त्वाचे नाव दीनदयाळ यांचे. मेरठजवळच्या सरधन्याचा जन्म, रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, आणि १८८० च्या दशकात सहावे निझाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. पुढे 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' हे किताब मिळाले. निझामाच्या राज्यातल्या प्रेक्षणीय स्थळांचे त्यांनी जे अल्बम तयार केले, त्यांत औरंगाबादकडच्या वास्तूही आहेत. राज्य किती वैभवशाली आहे हे पाहुण्यांना दाखवणे, हा या अल्बमांचा हेतू.

बीबी का मकबरा घ्या. दिलरस बानू बेगमच्या या कबरीत संगमरवर आहे तो मुख्यतः घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी दगडावर घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा. जुन्या छायाचित्रांत हा फरक दिसत नाही, काचेला दोन्ही सारखेच पांढरे. बहुतेकदा चित्र समोरून, मधल्या चरावरून घेतलेले, मागे कोरे आकाश. अशा चित्राने आपसूक ताजमहालाशी तुलना होते, आणि मकबरा त्या तुलनेत कायमचा अडकून पडला. मला वाटते, कॅमेरा बाजूला, मागच्या डोंगरांच्या दिशेने उभा राहिला असता, तर कदाचित आपण या वास्तूकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते. तरीही या चित्रांत गिलाव्यातली नक्षी जिथे शाबूत दिसते आणि आज नाही, तिथे दुरुस्ती करणाऱ्याला तो मोठा आधार आहे.

पण दीनदयाळ यांच्या नावावर आपल्या शहराची आणखी काही छायाचित्रे आहेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादच्या गरीबखान्यात आसरा घेतलेल्या माणसांची. निझाम सरकारने केलेल्या मदतकार्याची नोंद म्हणून ती काढली गेली. कॅमेऱ्यासमोर मांडून बसवलेली माणसे, हाडांवर नुसते कातडे. सरकारने अन्न दिले, हे दाखवायचे होते. दिसते ते वेगळेच: अन्न मिळेपर्यंत किती उशीर झाला होता ते. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, छायाचित्रकाराचे नाव मात्र आहे. मकबऱ्याचे चित्र आणि हे चित्र, शहर एक, छायाचित्रकार एक, राज्य एक. 'तेव्हा शहर किती छान होते' असे म्हणणाऱ्याने ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, स्टिरिओस्कोपमध्ये ठेवतात तशी. एका चित्रात जो काळ सपाट दिसतो, त्याला दोन चित्रांनी खोली येते.

पाहावे कसे

जुने छायाचित्र हाती आले की मी स्वतःला पाच प्रश्न विचारतो. ते कुणी आणि कुणासाठी काढले? कॅमेरा कुठे उभा होता, आणि त्याच्या पाठीमागे काय होते? सावल्या कोणत्या बाजूला, म्हणजे वेळ कोणती? हललेले काय आहे, अस्पष्ट डाग कुठे आहेत? आणि जिथे पांढरे किंवा काळे दिसते, तिथे मूळ रंग कोणता असावा? एवढ्याने साल ठरतेच असे नाही, पण खाली लिहिलेले साल अशक्य आहे का, हे पुष्कळदा कळते. मकबऱ्यासमोर विजेचा खांब दिसत असेल, तर खालचे १८६५ खोडायला पुरावाभिलेखागारात जावे लागत नाही.

हे सगळे आज सांगायचे कारण गारखेड्यात आहे. शहराच्या दक्षिणेला असलेले हे एकेकाळचे खेडे. आज इथे विभागीय क्रीडा संकुल आहे, सूतगिरणी चौक आहे, वसाहतीमागून वसाहती आहेत. मी पाहिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या एकाही छायाचित्रात गारखेडा नाही. असणार कसा? इथे मकबरा नव्हता, लेणे नव्हते. विहिरी, शेते, मातीची घरे मागवणारा गिऱ्हाईक लंडनमध्येही नव्हता आणि हैदराबादेतही नव्हता. मराठवाड्यातल्या बहुतेक गावांची हीच कथा आहे.

अशा गावांचे जे काही छायाचित्र-धन आहे, ते घरांतल्या ट्रंकेत आहे. लग्नाचे गट-फोटो, शाळेचा निरोप समारंभ, नव्या विहिरीशेजारी उभे असलेले आजोबा. घर पाडून इमारत बांधताना, वाटण्या होताना, दिवाळीची साफसफाई करताना हे आधी रद्दीत जाते. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह तर पोत्याने गेल्या. दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळवून जपल्या, कारण त्यांचे मोल कुणाला तरी वेळेवर कळले. आपल्या आजोबांच्या विहिरीच्या फोटोसाठी असे केंद्र येणार नाही.

तेव्हा या दिवाळीत माळा झाडताना जुना अल्बम सापडला, तर एवढे करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि प्रत्येक फोटोत कोण आहे, कुठे आहे, कशाच्या निमित्ताने आहे, ते विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई ओलाव्याने फुटते. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो जपून बाहेर काढा, कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवा. मोबाइलवर प्रत काढा, पण मूळ फोटो टाकू नका, मागची बाजू असते ती फक्त मूळ फोटोला. आणि नावे लिहिताना कडेला उभा असलेला गडी, मागे पाणी नेणारी बाई, यांचीही विचारा. गरीबखान्यातल्या त्या माणसांची नावे विचारणारे कुणी नव्हते. आपल्या घरात विचारणारे आहेत, आणि सांगणारेही अजून आहेत.